चुकीला चहा

कार्यालयात चूक झाली की ताकीद मिळते, स्पष्टीकरण मागवले जाते, प्रसंगी वेतनवाढ रोखली जाते. चूक करणाऱ्याने स्वतः उठून भिंतीजवळ टांगलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी सळई हाणावी, सगळ्या विभागाने हातातले काम टाकून त्याच्याभोवती जमावे आणि चहाचा पहिला कप त्यालाच द्यावा, असा प्रकार कोठे चालत असेल यावर माझा विश्वास बसला नसता. तो रायपुरात, गुढियारीतल्या आमच्या मालवाहतूक कंपनीत, दिवसाढवळ्या चालतो. चालवणाऱ्या विभागप्रमुखाचे नाव सुखदेव मेश्राम.

न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी या कंपनीत कायदेविषयक सल्लागार झालो. पहिल्याच दिवशी तो घणाघाती आवाज झाला तेव्हा आग लागली असे समजून मी फाईल छातीशी धरून दारात जाऊन उभा राहिलो. पाहतो तो वासनिक नावाचा कर्मचारी सळई हातात घेऊन उभा. तांदूळ नेणाऱ्या दोन ट्रकांच्या बिल्ट्यांची, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदांची, त्याने अदलाबदल केली होती.

"वाजवली ना? मंग झालं," खांद्यावर पंचा टाकलेला, जाड चष्म्याचा एक गृहस्थ, म्हणजेच मेश्राम, म्हणाला. "आता काय करायचं, ते बोला."

एकाने ड्रायव्हरला फोन लावला, दुसऱ्याने नवी बिल्टी काढली आणि चहा संपायच्या आत दोन्ही गाड्या मार्गी लागल्या. चूक कोणी केली, का केली, याची नोंद नाही. जबाबदारीची निश्चिती नाही. मी हादरलो.

"मेश्राम, हे बेकायदेशीर आहे," मी म्हणालो. "अपराधाला बक्षीस?"

"काहून तापून राहिले, वकीलसाहेब? चहा घ्या."

"मी वकील नाही."

"हव," असे म्हणून त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वकीलसाहेबच झालो. याबाबत मी त्यांना लेखी हरकत कळवली. ती त्यांनी विभागातल्या खुशबू साहू या मुलीकडून मोठ्याने वाचून घेतली आणि सर्वांच्या देखत म्हणाले, "पाहा पोट्टेहो, वकीलसाहेब किती छान लिहितात!"

हा मोठ्याने वाचून घेण्याचा त्यांचा आणखी एक छंद. विभागात आलेली प्रत्येक बिल्टी खुशबूने खड्या आवाजात वाचायची. "वाच ना बेटा, सगळ्याइच्या कानावर पडलं पाहिजे." ती हिंदीत वाची, मेश्राम मराठीत उत्तर देत, हमाल छत्तीसगढीत काहीतरी ओरडत, आणि एवढ्या गदारोळात कोणाच्या तरी कानाला चूक खटके. कार्यालय आहे की शाळा, असे मी विचारले. "शाळाच हाये," ते शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत म्हणाले. चष्मा पुसणे त्यांचे दिवसभर चाले. मला ती निव्वळ सवय वाटे.

सहा वाजले की ते उठून पंखे बंद करीत. ऐन वैशाखात! रायपूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद करणे म्हणजे घालवून देण्याची नोटीसच. "निघा आता. आज दमला तो उद्या चुकला." काम उरले असेल तर ते उद्या सगळ्यांनी मिळून करायचे. एवढे करून त्यांच्याच विभागाच्या गाड्या वेळेवर सुटत आणि त्यांच्याच विभागातले कोणी नोकरी सोडून जात नसे. या दोन गोष्टींची कारणमीमांसा मला करता येईना आणि त्यामुळे माझा संताप अधिकच वाढे.

एकदा मी त्यांना शिक्षेचे शास्त्र समजावून सांगितले. भय नसेल तर शिस्त नाही, हे साधे तत्त्व. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"साहेब, तुमच्या कायद्यात चुकणारा पळते," ते म्हणाले. "माह्या इथं तो धावत येते. तुमाले कोणता पाहिजे?"

याला युक्तिवाद म्हणत नाहीत. मी कंपनीच्या मालकांना, शेठजींना, पत्र लिहिले. मग स्मरणपत्र लिहिले. मग स्मरणपत्राच्या दुर्लक्षाबद्दल पत्र लिहिले. अखेर शेठजींनी आदेश काढला, आणि त्याचा मसुदा मीच केला होता: रुळाचा तुकडा उतरवावा, प्रत्येक चुकीसमोर चुकणाऱ्याचे नाव नोंदवावे, आणि गंभीर चूक झाल्यास त्यास कामावरून कमी करावे.

वासनिकने तुकडा उतरवून कपाटामागे ठेवला. "झालं समाधान, काका?" त्याने मला विचारले. आदेशाचे समाधान होत नसते, पालन होत असते.

त्यानंतरची शांतता मला फार आवडली. खुशबू मनातल्या मनात वाचू लागली, कारण मोठ्याने वाचून चूक सापडली तर नाव कोणाचे, हा प्रश्न होता. जो तो आपला कागद हाताने झाकून लिहू लागला. सहानंतरही माणसे बसून राहिली, आपापली मागची कामे चाचपत. पंखे बंद करायला मेश्राम उठेनात. नोंदीसाठी ठेवलेले रकाने कोरे होते. चूक नाहीच! मी शेठजींना तसे कळवण्याच्या बेतात होतो.

मग अभनपूरच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. त्याच्या घरच्या लग्नाच्या पंगतीचा तांदूळ पोचलाच नव्हता. तो अख्खा ट्रक दुसऱ्याच दिशेला, बिलासपूरच्या रस्त्यावर होता. शेठजी आमच्या विभागात येऊन उभे राहिले, हे यापूर्वी कधी घडलेले नव्हते.

"संध्याकाळपर्यंत नाव पाहिजे," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "आदेश तुमचाच आहे."

मी रीतसर विचारले, "हे कोणी केले?"

सगळ्यांनी आपापल्या टेबलांकडे पाहिले. जी मंडळी आपल्या चुकीला धावत येऊन सळई हाणत, ती माना खाली घालून बसली होती. तिकडे पंगतीचा माल दूर दूर चालला होता आणि इथे एकही हात फोनकडे जात नव्हता.

तेवढ्यात कपाटामागे काहीतरी खरखरले. मेश्राम वाकून, चाचपडत, तो रुळाचा तुकडा बाहेर ओढत होते. टांगायला तार नव्हती. त्यांनी तो जमिनीवरच टेकवला आणि सळई हाणली. आवाज बोदा आला, पण आला.

"माह्याकडून झालं," ते म्हणाले. "मले दिसत नाही."

आम्हांला वाटले, चष्मा हरवला असेल.

"अक्षरं दिसत नाही, साहेब. दिवाळीपासून. मोतीबिंदू म्हणे. खुशबू वाचे तोवर भागून जाये. ते बंद झालं, मंग मी अंदाजानं गाडी लावली. लिहा माहं नाव."

जो मनुष्य सगळ्यांना चूक लपवू नका म्हणून शिकवीत होता, त्याने स्वतःचे डोळे लपवले होते! माझा क्षोभ अनावर झाला.

"अहो, मग शस्त्रक्रिया का नाही करून घेतली? अर्ध्या तासाचे काम ते!"

"डोळ्यात थेंब टाकायले घरी माणूस पाहिजे म्हणते डॉक्टर," ते म्हणाले. "बायको गेल्यापासून घरी मीच हावो. आन् तुमाले सांगतलं असतं तं तुम्ही मले घरीच पाठवलं असतं ना. तिथं जाऊन मी काय करू?"

लेखणी माझ्या हातात होती. नावाचा रकाना समोर होता. खुशबू उठली. तिने थर्मासमधला चहा कपात ओतला आणि तो मेश्रामांच्या हातात, बोटे नीट लावून, धरवला.

"बजा दिया ना, दादा? तो हो गया," ती म्हणाली. "अब क्या करना है, वो बोलो."

वासनिकचा फोन तोवर लागलाही होता. गाडी वळली. पंगत बसण्याआधी तांदूळ अभनपूरला पोचला.

मी शेठजींना पत्र लिहिले. सदर आदेश नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाशी विसंगत असून त्याचा मसुदा अत्यंत निष्काळजीपणे करण्यात आला आहे, तो तत्काळ मागे घ्यावा, बिल्टीवाचन पूर्ववत सुरू करावे, आणि श्री. मेश्राम यांना शस्त्रक्रियेसाठी पगारी रजा देऊन पुन्हा त्याच खुर्चीवर बसवावे, अन्यथा मी पत्रव्यवहार चालू ठेवीन. शेठजींनी ते वाचले.

"निष्काळजी मसुदा कोणाचा होता हो?"

"हे कोणी केले, असे आमच्या विभागात विचारत नाहीत," मी बाणेदारपणे म्हणालो.

बहुधा पत्रव्यवहाराच्या धमकीमुळे असेल, पण त्यांनी सही केली.

शस्त्रक्रियेनंतर मेश्रामांना घरी सोडायला मीच रिक्षातून गेलो. स्टेशनामागच्या गल्लीतली एक खोली. एक खुर्ची. एक ताट. थेंब टाकण्याच्या पाळ्या विभागाने आपसांत वाटून घेतल्या होत्या. सकाळची पाळी, मी ज्येष्ठ असूनही मला न विचारता, माझ्याकडे देण्यात आली होती. एका डोळ्यावर पट्टी बांधलेले मेश्राम दारात उभे राहून हसले.

"ऑफिसात बरं हाये, साहेब. वाजवली का सारे धावते. इथं वाजवली तं येणार कोण?"

मी खिशातून कागद काढला, माझा दूरध्वनी क्रमांक त्यावर वीतभर अक्षरांत लिहिला, सवयीने खाली सही केली आणि तो त्यांच्या उशाशी चिकटवला. वाजवावे लागेल असे काही झाले तरच वाजवावे, अशी स्पष्ट समजही दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधीच माझ्या बूढापाऱ्यातल्या घरी फोन खणखणला. थेंबांच्या वेळेला अजून बराच अवकाश होता. मी घाबरून फोनकडे धावलो. काय झाले, पडलात का, डोळा दुखतो का?

"काही नाही झालं, वकीलसाहेब," पलीकडून आवाज आला. "वाजते का, ते पाहून राहिलो होतो."

कारणावाचून, भल्या पहाटे, एका ज्येष्ठ नागरिकाची झोपमोड! यावर कडक शब्दांत पत्र पाठवणे हे माझे कर्तव्यच होते. पण मी त्यांच्या विभागात बसतो, आणि तिथला नियम स्पष्ट आहे: वाजली की जायचे, का वाजवली ते विचारायचे नाही.

"चहा टाका," मी म्हणालो, आणि अंधारातच चपला शोधू लागलो.