न गळलेल्या गिझरचा संग्राम

सकळ घरमालक व हप्ते भरून भरून शिणलेल्या मंडळींचे सेवेसी कैफियत ऐसी जे, आमच्या गुरुजींच्या न्हाणीघरी जो गिझर विराजमान आहे, तो आजतागायत कधी गळला नाही. तरी त्याच्या गळण्यापायी जो थोर संग्राम जाहला, त्याची साद्यंत हकीकत लिहितो. पाण्याचा थेंबही सांडला नाही. अब्रू मात्र बरीच सांडली.

गुरुजी म्हणजे सेवानिवृत्त शाळामास्तर, अध्यापनाचे कामी निस्सीम शूर, बाकी कामी यथातथाच. एके दिवशी त्यांची दुसरीतली नात भिंगरी हिने पृच्छा केली, "आजोबा, विमा म्हणजे काय हो?" आणि गुरुजींच्या अंगी वीरश्री संचारली. मग त्यांनी छत्रीचा दृष्टांत दिला, मग घराचे चित्र काढिले, आणि तरीही पोरीचे समाधान न जाहले, तेव्हा प्रात्यक्षिक करावे या मसलतीने खाशांनी थेट विमा कंपनीस फोन लाविला आणि सवाल केला की, समजा आमचा गिझर गळून भिंत भिजली, तर भरपाई द्याल काय? पलीकडून जाब आला की, देऊ. भिंगरी खूश, गुरुजी त्याहून खूश. आजीसाहेब तेवढ्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "नसतं लचांड ओढवून घ्याल हं!" परंतु विजयी वीरास असले बोल ऐकू येत नाहीत.

पुढे पॉलिसीच्या नूतनीकरणाचा समय आला, तो कंपनीचा खलिता दाखल जाहला की, आपण गिझर गळतीचा दावा केलात, सबब हप्ता वाढविला आहे, आणि आणखी एक दावा केल्यास विमा बंद होईल. गुरुजी खुर्चीत बसले ते बसलेच. गिझर भिंतीवर कोरडा ठणठणीत. आजीसाहेबांनी फर्माविले, "घ्या! आता शिकवा विमा!"

इतकेही गुरुजींनी सोसले असते. मास्तरकीत फजिती नित्याचीच. परंतु त्या सायंकाळी भिंगरी गृहपाठास बसली, आणि पेन्सिल चावीत राहिली, आणि गणित अडले तरी बोलेना. कारण पुसता हळूच म्हणाली, "विचारलं की हप्ता वाढतो ना?"

हा वार मर्मी बसला. हयातभर ज्यांनी 'विचारा रे, लाजू नका' इतकेच शिकविले, त्यांच्याच घरी प्रश्न मुका जाहला! मग गुरुजींनी कंबर बांधिली, आणि चष्मा धुंडाळिला, तो कपाळीच होता, आणि पॉलिसीचे बारीक अक्षर वाचता वाचता कलम हुडकिले की, नुसती विचारणा हा दावा मानू नये, आणि एका किरकोळ दाव्यावरून विमाही तोडू नये. मग फोनवरून वेढा घातला. तिकडे सरदार बदलत गेले, आणि प्रत्येक सरदारास गुरुजी आरंभापासून, छत्रीच्या दृष्टांतासह, सारे समजावीत गेले. सबब वेढा लांबला. अखेर तक्रार निवारणाच्या कचेरीवर खासा स्वारी चालून गेली, संगे भिंगरी.

अधिकारी बाईंनी पुसले, "गिझर गळला कधी?"

"गळलाच नाही."

"मग फोन कशाला केलात?"

येथे गुरुजींनी, चाळीस पोरांच्या वर्गापुढे करीत तसा, आरंभापासून सांगावयास घसा खाकरिला. तोच भिंगरी पुढे सरसावली, "मला विमा कळत नव्हता म्हणून. माझाच प्रश्न होता."

बाईंनी हसू दाबिले, पॉलिसीचे कलम वाचिले आणि हुकूम लिहिला की, दाव्याची नोंद रद्द, हप्ता पूर्ववत. गुरुजींनी आभारादाखल छत्रीचा दृष्टांत आरंभिला, तो बाईंनी हात जोडून थांबविला.

जिना उतरता भिंगरी म्हणाली, "आजोबा, आग लागली तरी पैसे देतात?" गुरुजींचा ऊर भरून आला, आणि हात आपसूक खिशातील फोनकडे गेला.

ऐसी ही मोहीम फत्ते जाहली. प्रश्न पुन्हा बोलता जाहला, गिझर कोरडा आहे, आणि फोन आजीसाहेबांच्या कपाटात कुलूपबंद आहे. तो गड सोडविण्याची गुरुजींची छाती नाही, हेही दफ्तरी नमूद असावे.