कारखानीसकाकांची हजेरी

आमच्या इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या कारखानीसकाकांना कधीही काहीही होत नाही, आणि तरी ते दर पंधरवड्याला डॉक्टरकडे जातात.

मी शेजारीण, त्यात गाडीवाली, त्यामुळे ही वरात माझ्याच माथी. "अगं मेधा, चल, हजेरी लावून येऊ!" डॉक्टरीणबाई विचारतात, काय होतंय? काका म्हणतात, "नथिंग. जस्ट लुक ॲट मी." बाई बघतात. काका "थँक यू" म्हणून उठतात. संपलं! एवढ्यासाठी माझी अर्धी रजा.

का, तर म्हणे नियम आहे. "डॉक्टरने पंधरवड्यात पाहिलं नसेल आणि माणूस घरातच वारला, तर केस थेट कॉरोनरकडे!" इथला कॉरोनर म्हणजे अचानक गेलेल्या माणसाची चौकशी करणारा अधिकारी. "मग पोलीस, पोस्टमॉर्टेम, सगळं आलं. आपल्याला नको ती भानगड."

गेल्या ऑगस्टमध्ये डॉक्टरीणबाई तीन आठवडे स्पेनला गेल्या. झालं! काकांचं जेवणावरून मनच उडालं. बदलीच्या डॉक्टरने पाहिलेलं चालतं का, हे मी कॉरोनरच्या ऑफिसला विचारायचं. माझ्याच मोबाइलचा टॉप-अप जाळून! पलीकडच्या बाईने हळुवार आवाजात विचारलं, कोण गेलंय? म्हटलं, अजून कोणी नाही, ते इथे चहात बिस्किट बुडवतायत.

फोन ठेवला आणि माझा पाराच चढला. "काका, पुरे आता! मेल्यावर कोण काय चौकशी करतंय, तुम्हाला काय फरक पडतो हो?"

काकांनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. म्हणाले, "मालती झोपेत गेली ना, तेव्हा पोलीस आला होता. पोरगा सभ्य होता बिचारा. टोपी काढून विचारलं, यांना शेवटचं जिवंत कधी पाहिलंत? मी शेजारीच झोपलो होतो गं. मला सांगताच येईना."

मी त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसले.

"अजून रात्रंदिवस तेच आठवत बसतो. आता माझ्या घराची दुसरी किल्ली तुझ्याकडे. दार तूच उघडणार, आणि तो प्रश्न तुलाच विचारणार. तुझ्या मागे हे नको."

मला तिथेच रडू कोसळलं. नाक पुसत म्हटलं, "बदलीच्या डॉक्टरचीही अपॉइंटमेंट घेऊन ठेवा. आणि सकाळची घ्या हो, नंतर मेलं पार्किंग मिळत नाही."