चंद्रकला अक्का व्हिएतनामला निघतात

चंद्रकला अक्का घराबाहेर पडताना हातात सायकलची घंटी घेतात. नुसती घंटी. सायकल खाली जिन्याजवळ कुलूप लावून उभी असते. चार माणसांत कुणी मुद्दा सोडून बोलायला लागलं, की अक्का अंगठ्यानं घंटी वाजवतात आणि म्हणतात, "बाजूला व्हा, दुसऱ्याला जाऊ द्या."

ही घंटी मी हळदीकुंकवात ऐकली आहे, टँकरच्या रांगेत ऐकली आहे. एकदा आमच्या गल्लीत मतं मागायला आलेले एक पुढारी 'रोज पाणी देऊ, रोज पाणी देऊ' असं तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हाही ऐकली आहे. ते बिचारे खरंच बाजूला झाले. त्यांना वाटलं मागून दूधवाला आला.

अक्का मूळच्या पाचोडच्या. बाजाराच्या गावच्या लेकी घासाघीस पोटातूनच शिकून येतात, असं त्या स्वतःच सांगतात. संभाजीनगरात येऊन पंचवीसेक वर्षं झाली, पण बोली तिथलीच राहिली. त्यांचे मालक शेंद्र्याच्या एका कारखान्यात आहेत. ते पाळीवर असतात नाहीतर झोपलेले असतात. शेजारी असूनही मी त्यांचा आवाज ऐकलेला नाही. अक्का म्हणतात, "बोलत्यात की. दिवाळीला."

मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि तिची सायकल मागं राहिली. दोन महिने अक्का त्या सायकलीवरची धूळ रोज पुसायच्या. मग एक दिवस म्हणाल्या, "पुसून पुसून झिजायची ती. त्यापरीस चालवलेली बरी." वय पन्नाशीच्या पलीकडे. तीनदा पडल्या, एकदा भाजीवाल्याच्या गाड्यावर. त्यानं "अक्का, लागलं का?" असं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला नाय लागलं. तुझी वांगी मात्र आता अर्ध्या किमतीला दे."

आम्ही सकाळी फिरायला जाणाऱ्या सात-आठ जणी. अक्कांनी आम्हाला एकेक करून सायकलवर चढवलं. मी शाळेत मराठी शिकवते म्हणून त्यांच्या लेखी मी 'मास्तरीणबाई'. शबाना आपांचं माहेर शहागंजातलं, कापडाच्या व्यापाऱ्यांचं. त्या होमिओपॅथीच्या डॉक्टर. आणि मीना. मीना आमच्यात सगळ्यांत लहान, चाळिशीची. नवरा पुण्याला नोकरीला, मुलगा वसतिगृहात, घरी सासू. ही मीना सायकलवर पहिल्यांदा एकटीनं वळण घेऊन आली तेव्हा रस्त्याच्या मधोमध थांबून मोठ्यानं हसली होती. तिला तसं हसताना आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं.

त्याच दिवशी अक्कांनी जाहीर केलं, "आता परदेशात जायचं. सायकलीवरनं."

कुणीतरी गोवा सुचवलं. घंटी वाजली. "गोव्याला सुना जात्यात. आपुन सासवा हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही शहागंजातल्या एका प्रवास कंपनीच्या कार्यालयात. कार्यालय म्हणजे अत्तराच्या दुकानावरचा माळा. तिथल्या भाईंनी शबाना आपांना ओळखलं आणि चहा मागवला. व्हिएतनाममध्ये सहलीच सायकलीच्या असतात, सायकली तेच देतात, सामान मागून गाडीतून येतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. समुद्र, भातशेती, एक मोठा घाट. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या हिंदीत एकच प्रश्न विचारला.

"भाई, उधर पानी कितने दिन से आता?"

भाई गोंधळले. "कितने दिन से मतलब? रोज आता, आपा. चोबीस घंटे."

"नळाला?"

"नल को."

अक्का आमच्याकडे वळल्या. "ठरलं."

आमच्याकडं त्या उन्हाळ्यात नळाला आठवड्यानं पाणी येत होतं आणि तेही येईल त्या वेळेला. त्यामुळे सहलीच्या सगळ्या बैठका अक्कांच्या गच्चीवर, टाकीला टेकून व्हायच्या. वाटेवरची गावं मी नकाशावरून मोठ्यानं वाचायची. हुए, दा नांग, होई आन.

"काय म्हणलात?"

"होई आन."

"होय, आण?" अक्का खूश झाल्या. "बघा! गावाचं नावच 'होय, आण'. म्हंजी तिथं मागशील ते मिळतं." मग त्यांनी प्रत्येकीला कामं वाटून दिली. ठेचा माझ्याकडे, शेंगदाण्याची चटणी मीनाकडे, औषधं आणि परभाषा शबाना आपांकडे. "अक्का, व्हिएतनामी मला कुठं येते?" असं आपा म्हणाल्या, तर उत्तर आलं, "उर्दू येती ना? मग जवळपासचंच आसंल." विमानात खिडकीची जागा आपल्याला हवी, हे मात्र त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून ठेवलं होतं.

सराव दर रविवारी शेंद्र्याला. तिथं नव्या औद्योगिक वसाहतीचे रस्ते आहेत. एवढे रुंद, की त्यावर विमान उतरावं. काही भूखंडांवर कारखाने आलेत, काहींवर नुसत्याच पाट्या, आणि पाट्यांखाली मेंढ्या. अक्कांनी आम्हा सगळ्यांना एकाच रंगाचे, जांभळे ट्रॅकसूट घ्यायला लावले होते. "हरवलं तर वळखू याया पायजे." पहिल्या रविवारी ते जांभळं खिल्लार पाहून मेंढ्या पळाल्या आणि मेंढपाळ मागं पळता पळता आम्हाला काय काय म्हणाला. ते इथं लिहिता येत नाही. अक्कांनी त्याला त्याच भाषेत उत्तर दिलं, तेही लिहिता येत नाही. शेवटी तो ओळखीचा निघाला, म्हणजे त्याची मावशी पाचोडात दिलेली निघाली, आणि आम्ही त्याच्या डब्यातली भाकरी खाऊन परतलो.

या सगळ्याला एकच विरोधक होता. मीनाची सासू, सोनाबाई. धनगराच्या घरातली बाई, तरुणपण मेंढरांमागं रानोमाळ गेलेलं. अक्कांचं आणि त्यांचं पाण्याच्या पाइपावरून जुनं वैर. कुणाचा पाइप आधी टँकरला लागायचा, यावरून दोघी वर्षानुवर्षं भांडत आल्या होत्या. सोनाबाई ओट्यावर बसून आम्हाला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "पैशे मोजून परमुलखात हिंडायला चालल्यात. आमी फुकट हिंडलो, तर कुणी फटू नाय काढला."

अक्का जाता जाता म्हणायच्या, "मावशे, जळू नका. येताना तुमाला टोपी आणते."

"तुझ्या डोस्क्यात घाल."

निघायला तीन-चार दिवस राहिले असताना टँकर आला. पाइपातून सांडलेलं पाणी पायऱ्यांवरून वाहत होतं. सोनाबाई आपला हंडा वाचवायला धावल्या आणि घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं ते पाय सरळ बांधून, दीड महिना खाट सोडायची नाही असं सांगून.

मीनाच्या नवऱ्याला रजा मिळेना. दुसरं जवळचं माणूस नव्हतं. मीना गच्चीवर आली आणि सरळ म्हणाली, "माझं तिकीट रद्द करा." रडली नाही. जांभळा ट्रॅकसूट घडी करून आणला होता, तो टाकीवर ठेवला. "कुणाला मापात बसला तर..."

घंटी वाजली.

"माझं बी एक सांगायचं ऱ्हायलंय," अक्का म्हणाल्या. "मी येत नाय. मला इमानाचं भ्या वाटतं."

शबाना आपा म्हणाल्या, "अक्का, तुम्ही तर खिडकीची जागा मागितली होती."

"मंग? खिडकीतनं खालचं दिसतं ना. म्हणूनच भ्या वाटतं." त्या मीनाकडे वळल्या. "मी हितंच हाय तर म्हातारीला बघते. तू जा. दोघी कशाला ऱ्हायच्या?"

"अक्का, आत्याबाई तुमच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत."

"घेतील. दुसरं कुणाचं मिळणार हाय? पाइप आता माझ्याच ताब्यात."

मीना नाही नाही म्हणत राहिली. अक्कांनी तिला बोलूच दिलं नाही. ती तोंड उघडायची आणि घंटी वाजायची. शेवटी ती रागानं म्हणाली, "अहो, पण मला तुमच्याशिवाय कसं जमेल?" तेव्हा अक्कांनी घंटी खाली ठेवली. "पहिलं वळण घेऊन हसलीस ना रस्त्यावर? तसं. अजून काय जमायचं ऱ्हायलंय?"

सोनाबाईंना हे कळलं तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "ही मला उपाशी मारल." पण मीनाला थांब म्हणाल्या नाहीत.

आम्ही गेलो. घाटात माझा दम संपला, आपांच्या उर्दूचा काही उपयोग झाला नाही, आणि ठेचा दा नांगच्या हॉटेलातल्या स्वयंपाक्यानं चाखला तेव्हा त्याला खुर्ची द्यावी लागली. मीना सगळ्यांत पुढे असायची. अक्कांचे हुकूम फोनवरून यायचे. 'सकाळी कुठून निघणार, वाटेत काय दिसतं, ते नीट बोलून पाठवा.' मी रात्री जेवल्यावर सगळं सविस्तर बोलून पाठवायची. त्यांचं उत्तर यायचं, 'झाडं कसली ते नाय सांगितलं,' किंवा 'घाट किती वळणांचा?' सकाळी फोन केला तर मात्र उचलायच्या नाहीत. आम्हाला वाटलं, मनातून खट्टू झाल्या असतील. मीनाला तर वाटलं, दोघींची पुन्हा जुंपली.

परत आलो ती सकाळची वेळ होती. गाडीतून उतरून आधी सगळ्या मीनाच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आतून चाकाचा सूं-सूं आवाज येत होता. मीना दारातच थांबली, म्हणून आम्हीही थांबलो.

सोनाबाईंच्या खाटेशेजारी सायकल स्टँडवर उभी होती. तिच्यावर अक्का. जांभळा ट्रॅकसूट, पदरासारखी घेतलेली ओढणी, कपाळावर घाम. मागचं चाक जागच्या जागी फिरत होतं. सोनाबाई उशीला टेकून, डोळे मिटून पडल्या होत्या.

"दमानं घे बाई," सोनाबाई म्हणाल्या. "घाटात घाई केली का जनावर बसतं."

"घाट सरला, मावशे. आता उतार हाय." अक्कांनी पाय सैल सोडले. "दोन्ही अंगाला नारळाची झाडं. समोर समुंदर दिसाया लागलाय."

"केवढा?"

अक्कांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "लई पाणी, मावशे. नजर पुरत नाय एवढं."

सोनाबाई म्हणाल्या, "मालक असते तर म्हणले असते, मेंढरं धुऊन काढू."

"काढू की. पुढं वाळू हाय. तिथं थांबू."

"अजून किती लांब?"

"थोडकं ऱ्हायलं. तुमी बसा निवांत."

मीना पुढे पाऊल टाकणार होती. शबाना आपांनी तिचा हात धरला. आम्ही बॅगा आवाज न करता खाली ठेवल्या आणि बाहेर पायऱ्यांवर बसून राहिलो, त्यांचा मुक्काम येईपर्यंत.