एका बल्बाचा इन्व्हर्टर

आमचे शेजारी गावंडे साहेब शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू ठेवत. पांढरा, अर्धा झिजलेला, कागदात गुंडाळलेला. नोकरीभर त्यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या स्टोअरमध्ये आलेला माल तपासला होता. माल पसंत पडला नाही की त्यावर खडूनं फुली मारायची आणि "रिजेक्ट!" असं ओरडायचं. रिटायर झाल्यावर माणूस ऑफिस सोडतो, तसं त्यांनीही सोडलं; पण फुली काही सुटली नाही. भाजीबाजारात ते भोपळ्यावर फुली मारत. मी हौसेनं नवीन फाटक बसवलं, कौतुकानं त्यांना दाखवायला नेलं, तर त्यांनी बिजागरीवर वाकून पाहिलं आणि माझ्या ताज्या हिरव्या रंगावर फुली ओढली. "राऊतजी, हे फाटक दोन वर्सात लटकते."

ते दीड वर्षातच लटकलं. पण म्हणून काय झालं? शेजाऱ्याच्या फाटकावर फुली मारायची ही कुठली रीत? मला या माणसाचा भयंकर राग येई, हे आधीच सांगून टाकतो.

आमची ओळख रिटायर झाल्यानंतरची. मी टाइम ऑफिसात हजेरीचा कारकून, ते स्टोअरमध्ये. एवढ्या मोठ्या कारखान्यात कोण कोणाला ओळखतं? दोघांनी कारखान्याचे सेक्टरमधले क्वार्टर सोडले आणि सुपेला बाजाराच्या मागे शेजारी-शेजारी घरं बांधली. क्वार्टरात आम्ही तीस वर्षं राहिलो, पण लाईट गेलेली फारशी कधी पाहिली नाही. घरात मेणबत्ती ठेवावी लागते, हेही आमच्या लोकांना ठाऊक नव्हतं. इथं मात्र रोज दिवेलागणीला अंधार. अख्खी गल्ली अंगणात येऊन बसायची आणि वर्तमानपत्रानं वारा घ्यायची.

पहिल्याच उन्हाळ्यात गावंडे साहेब म्हणाले, "राऊतजी, इन्व्हर्टर घ्या लागते. तुमची स्कूटर काढा."

तेव्हा इन्व्हर्टर म्हणजे नवलाची वस्तू. सुपेल्यात तीन-चार दुकानांत मिळायचा. पहिल्या दुकानदारानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "अंकल, दो पंखा, तीन ट्यूब, सब चलेगा. पूरा तीन घंटा."

"चालवून दाखव," गावंडे साहेब म्हणाले.

दुकानदार हसला. गावंडे साहेब हसले नाहीत. त्यांनी दुकानातलेच दोन पंखे आणि तीन ट्यूब त्या इन्व्हर्टरला जोडायला लावल्या, मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि स्टुलावर बसले. मी एका रिकाम्या खोक्यावर. गिऱ्हाईक यायचं, आम्हाला वळसा घालून आत जायचं, वळसा घालून बाहेर पडायचं. पावणेदोन तासांनी ट्यूब फडफडल्या. गावंडे साहेब उठले, बॅटरीवर फुली मारली आणि स्कूटरकडे चालू लागले. दुकानदार माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होता, जणू हे म्हातारं मीच पाळलं आहे.

दुसऱ्या दुकानात वेगळाच तमाशा. मेन लाईनचा प्लग खेचायचा आणि बल्ब विझून पुन्हा पेटायला किती वेळ लागतो ते पाहायचं. खेचला, पाहिलं, लावला. पुन्हा खेचला. किमान वीस वेळा.

"अहो साहेब," मी वैतागून म्हणालो, "एका सेकंदानं कोणाचं काय बिघडते?"

"बिघडते," ते म्हणाले आणि पुन्हा प्लग खेचला.

तिसऱ्या ठिकाणी त्यांनी काचेची नळी काढली आणि बॅटरीच्या एकेका भोकातलं ॲसिड ओढून उजेडात धरलं. त्या दुकानदारानं तर हात जोडले. "अंकल, आप फैक्टरी से ही ले लो." असे सहा फेरे झाले. सहाव्या फेऱ्यात एक इन्व्हर्टर पास झाला. त्याची बॅटरी माझ्याच स्कूटरवर, माझ्याच पायांमध्ये ठेवून आणली. वाटेत ॲसिडचा थेंब उडाला आणि माझ्या टेरिकॉटच्या पँटला भोक पडलं. गावंडे साहेबांनी वाकून ते भोक पाहिलं आणि म्हणाले, "कपडा हलका आहे."

आता एवढी तपासणी करून आणलेला इन्व्हर्टर. दोन पंखे, तीन ट्यूब सहज चालल्या असत्या. पॉइंट काढायला मिस्त्री आला तेव्हा गल्लीतले चार लोक बघायला जमले. गावंडे साहेबांनी त्याला एकच पॉइंट सांगितला. एक बल्ब! तोही छतावर नाही, बैठकीच्या भिंतीवर, छातीइतक्या उंचीवर, बरोबर त्यांच्या स्वतःच्या खुर्चीसमोर.

"साहब, और पंखा?" मिस्त्रीनं विचारलं.

"पंखा नाही. पंख्यानं बॅटरी लवकर उतरते. हा बल्ब बंद पडला नाही पायजे."

भिलाईचा मे महिना ज्यानं काढला आहे, त्याला माझा संताप समजेल. रोज संध्याकाळी लाईट जायची, गल्ली काळीठिक्कर व्हायची, आणि गावंडे साहेबांच्या खिडकीत फक्त एक तोंड दिसायचं. त्यांचं स्वतःचं! खुर्चीत ताठ बसलेले, बल्बाचा सगळा उजेड चेहऱ्यावर, आणि तोंड अखंड चालू. समोर अंधारात, घामानं भिजत, वहिनी. मोठ्या मिशा होत्या गृहस्थाला, त्याही त्याच सुमारास एका रविवारी साफ उतरवल्या. या वयात! मी तर म्हणालो, आता स्नो-पावडर तेवढी राहिली.

आमच्या सौभाग्यवतींचा राग माझ्यापेक्षा मोठा होता. "त्या बाईले हा मानूस तोंड उघडू देत नाही. 'कशा आहात वहिनी' म्हणून मी त्यायले विचारते, अन् उत्तर हा देते! तुमी कावून बोलत नाही काही?"

ते खरंच होतं. वहिनींना काहीही विचारा, गावंडे साहेब मध्ये तोंड घालायचे. वहिनी नुसत्या हसायच्या, मान हलवायच्या. भजनाला नाही, हळदीकुंकवाला नाही. धाकात ठेवलेली बाई, असं सगळी गल्ली म्हणायची आणि सगळ्यात मोठ्यानं मी म्हणायचो.

आणि मग नागपूरहून तार आली. त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदा, पहिलटकरीण, दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात नेली होती. गावंडे साहेब पिशवी घेऊन माझ्या त्या फाटकाशी आले. "राऊतजी, मी चाललो. घराकडे ध्यान ठेवजा."

"अन् वहिनी?"

"ते घरीच राहते. ताप उतरून चार दिवस नाही झाले."

पोरगी अडलेली, आणि आईला मागे ठेवून हा निघाला! ताप आम्हालाही येतो, म्हणून कोणी आईला घरी ठेवतं? दोन दिवस मी धुमसत होतो. वहिनी दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघायच्या, जेवायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, निदान वारा तरी या माउलीला मिळू दे. मिस्त्रीला बोलावलं, बल्बाची तार काढली आणि इन्व्हर्टर छताच्या पंख्याला जोडून घेतला. वहिनींना सगळं नीट समजावून सांगितलं. त्या माझ्याकडे पाहून हसल्या. "हो, हो," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी लाईट गेली आणि पंखा झकास फिरत राहिला. मी त्यांच्या ओट्यावर ऐटीत बसलो होतो. तेवढ्यात रिक्षा थांबली. गावंडे साहेब उतरले, जवळजवळ धावतच आत शिरले. मी मागोमाग. "साहेब, पाहा, वारा कसा येऊन राहिला—"

आत काळामिट्ट अंधार. दारातली आकृती दिसली असावी, वहिनींचा आवाज आला, "आले का तुमी? कशी आहे सुनंदा?"

"मुलगी झाली!" गावंडे साहेब म्हणाले. "दोघी बी मजेत आहेत!"

"सांगा ना हो. कशी आहे?"

"अवं, मुलगी झाली! सुनंदा बरी आहे!" हे इतकं मोठ्यानं, की गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं असेल.

"बोलत कावून नाही तुमी?" वहिनींचा आवाज कापायला लागला. "काय झालं माह्या पोरीले? खरं सांगा. गेली का?" आणि त्या रडायलाच लागल्या.

मला वाटलं, उन्हानं बाईचं डोकं फिरलं. तोच गावंडे साहेबांनी माझा दंड धरला. "राऊतजी, माहा बल्ब कुठी गेला? तिले ऐकू येत नाही हो. तोंड दिसल्याबिगर तिले काही समजत नाही."

मी स्वयंपाकघराकडे धावलो. डबे पडले, पिठात हात गेला, एकदाची काडेपेटी सापडली. परत येऊन काडी ओढली. गावंडे साहेब जमिनीवर बसले होते. वहिनींची बोटं त्यांनी स्वतःच्या ओठांवर धरली होती आणि ते सावकाश म्हणत होते, "मुलगी. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

काडीच्या उजेडात वहिनींनी ते तोंड पाहिलं, आणि त्यांना समजलं.

मग मी तिथंच उभा राहिलो. एकामागून एक काडी ओढायची आणि गावंडे साहेबांच्या तोंडासमोर धरायची. बोटं भाजली, पण काडी खाली टाकली नाही. सुनंदाला कधी नेलं, डॉक्टरीण काय म्हणाली, बाळाचं वजन किती, सगळं त्यांनी सांगितलं. पेटी संपली तेव्हा बातमी बाळाच्या नाकापर्यंत आली होती.

लाईट आल्यावर ते माझ्यासोबत ओट्यावर आले. "चार वर्सं झाले. मोठा टायफॉइड झाला होता, त्यात कान गेले. कोणाले सांगू नका म्हणते. लोक मंग नुसती कीव करतात, म्हणते, अन् बोलणं सोडून देतात. दवाखान्यात सारे कुजबुजतात, तिथं तिले एकटी कुठं बसवू? अन् मिशीखाली ओठ दिसत नव्हते तिले."

मला लाज वाटली. इतकी, की त्यांच्याकडे बघवेना. या माणसाला मी सबंध गल्लीत छळवादी म्हणत फिरलो होतो. आणि हा अंधारात बायकोशी बोलता यावं म्हणून सहा फेरे मारून बॅटरी तपासत होता. एका सेकंदानं काय बिघडतं, असं मी त्यालाच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला घेऊन गेलो आणि बल्ब होता तिथं लावून घेतला. वहिनींनी चहा आणला. मी मुद्दाम उजेडाकडे तोंड करून, हळूहळू म्हणालो, "वहिनी, माफ करा."

त्या हसल्या. मग गावंडे साहेबांकडे वळून म्हणाल्या, "अहो, आपण इथं राहाले आलो तवापासून भाऊजी आपल्या घरी येतात. पण त्यायचा आवाज कसा आहे, ते मले माहीतच नाही."

स्वतःचा आवाज कसा आहे, हे माणूस सांगणार तरी कसं? गावंडे साहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, स्टोअरमध्ये आलेला माल न्याहाळावा तसं. आता काय ऐकावं लागतं, म्हणून मी खाली पाहिलं.

त्यांनी खुर्ची खिडकीकडे सरकवली. वहिनींच्या समोर आले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "चांगला आहे. भारी आहे. तुह्या बाबासारखा."

वहिनी पदरानं डोळे पुसून माझ्यासमोर येऊन बसल्या.

"मंग बोला नं भाऊजी काहीतरी," त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.