सरड्याचा दहा वर्षांचा आराखडा

एका जंगलात, बाळांनो, एक सरडा होता. धंदा ग्राफिक डिझाइनचा, तोही फ्रीलान्स. म्हणजे मालक कुणीच नाही आणि हुकूम सोडणारे सगळे. गिऱ्हाईक लाल म्हणालं की हा लाल, हिरवं म्हणालं की हिरवा.

आम्ही रंगाचे दुकानदार. असे सरडे पुष्कळ पाहिले. एकाने आख्ख्या पेठेच्या पाट्या रंगवल्या. त्याचं घर मात्र लोक 'ते बिनपाटीचं' म्हणून सांगत.

पण आपल्या सरड्याचं दुखणं वेगळं. जंगल त्याला चिडवायचं, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत!" त्याला कुंपणापलीकडेच जायचं होतं. तिथे म्हणे आपल्या पसंतीचा रंग लावता येतो.

कुंपणाला एक भगदाड होतं. पण असं उठून जायचं कसं? तो घुबडशास्त्र्यांकडे गेला. शास्त्रीबुवा सगळ्यांना करिअर सांगत. स्वतः जन्मात ढोली सोडली नव्हती.

"दहा वर्षांनी कुठे असशील?"

"कुंपणापलीकडे, शास्त्रीबुवा."

"मग आधी आराखडा कर. नुसता चालतो तो भटक्या. आराखडा करून बसतो तो व्यावसायिक."

सरडा बसला. दुसरा कुणी चार रेघा मारून चालू पडला असता. हा पडला डिझायनर! वाट निळी बरी की केशरी? 'ध्येय'वरची मात्रा जरा डावीकडे घ्यावी का?

अस्वल आलं. "सरडेराव, मधाच्या बरणीवर लावायला एखादं चित्र द्या की."

"सवड नाही हो. भविष्य चालू आहे."

अस्वल माकडाकडे गेलं. माकडाने बरणीसाठी नारळाचं चित्र काढून दिलं. मध खपला.

अखेर आराखडा झाला. काय देखणा! वाट कुंपण ओलांडून थेट उगवत्या सूर्यात शिरत होती. कोल्होबा प्रधानाने तो उचलून सिंहापुढे धरला.

"वा! हाच आमच्या जंगलाच्या प्रगतीचा आराखडा," सिंह म्हणाला. "'सरडा' खोडा, 'महाराज' लिहा. लावा कुंपणावर!"

"माझं नाव, महाराज? खाली, कोपऱ्यात, बारीक?"

"नको रे बाबा," कोल्होबा म्हणाला. "चित्राची शोभा जाते. लोक ओळखतीलच की तुला."

आराखडा नेमका भगदाडावर ठोकला गेला.

आता सरडा दर वर्षी कुंपणाशी येतो. 'येत्या दहा वर्षांत' तसंच ठेवतो, खालचं साल बदलतो. सूर्याला महाराज म्हणतील तो रंग देतो. शास्त्रीबुवा नव्या पिल्लांना लांबून दाखवतात, "बघा, याला म्हणतात करिअर!"

तात्पर्य : दूरदृष्टी आणि चोख नियोजन असेल, तर सरडा कुंपणापर्यंत पोहोचतोच, आणि तिथेच कायम होतो.