श्रीखंडाला वास्तवाची जोड

दुसऱ्याची प्रगती जितकी लांबून पाहावी, तितका माणसाला जास्त आनंद होतो. या दृष्टीने अमेरिका फारच सोयीची आहे.

अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्याच्या ऑफिसर्स कॉलनीत हा आनंद चौऱ्याण्णव साली केबलच्या वायरीतून येऊन पोहोचला. दर गुरुवारी संध्याकाळी एक अमेरिकन विनोदी मालिका लागायची. तिच्यातलं कुटुंब काळं होतं आणि चांगलं गडगंज होतं. बाप बँकेत मोठा साहेब, आई कॉलेजची प्रिन्सिपॉल, घरातल्या घरात जिना. घडायचं काहीच नाही. बापाला डॉक्टरने गोड बंद केलेलं, तो केक लपवून खायचा, बायको पकडायची, झाला भाग. त्यांचं इंग्रजी कॉलनीत फारसं कुणाला कळत नसे (तसं कुणी कबूल करत नसे), पण हसण्याचा आवाज मालिकेतच भरून येत असल्यामुळे कुठे हसावं ही अडचण नव्हती.

सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष विष्णुपंत, अकाउंट्समधले, या मालिकेवर बेहद्द खूश होते. "याला म्हणतात समाज पुढे जाणं!" ते म्हणायचे. "रडगाणं नाही, चाबूक नाही, काही नाही. काळा माणूस आपला निवांत केक खातोय. डोळे भरून येतात हो!" आणि खरंच यायचे. पंत मनाचे फार हळवे.

ही मालिका सगळे मिळून हरिचंद्र सोनावळ्यांकडे बघत, कारण कॉलनीतला सर्वांत मोठा टीव्ही त्यांचा. हरिचंद्र प्रॉडक्शन मॅनेजर, बायको शैला दातांची डॉक्टर, फ्रिज दोन दरवाजांचा. सत्तरी ओलांडलेल्या आई, बनूबाई, त्यांच्याजवळच असत. सोनावळे बौद्ध, पण हा विषय कुणी कधी काढला नाही. कॉलनीत जात कुणीच मानत नसे. फक्त सगळ्यांना सगळ्यांची ठाऊक होती. शैलाताई दर गुरुवारी चहा विचारत आणि दर गुरुवारी, योगायोग बघा, सगळ्यांचा चहा आत्ताच झालेला असे. (गुरुवारी कॉलनीत चहाचा खप नेमका किती वाढत असे, याची आकडेवारी दुर्दैवाने उपलब्ध नाही.)

अशा पोषक वातावरणात हरिचंद्रनी मंडळाच्या स्नेहसंमेलनासाठी नाटक लिहिलं. नाव 'श्रीखंड'. त्यांच्या स्वतःच्यासारखंच घर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, हॉलमध्ये सोफा, साहेबांना डायबेटिस, आणि साहेब व त्यांची म्हातारी आई यांनी संगनमताने लपवलेला श्रीखंडाचा डबा.

"आईला नाटकाचं भारी वेड," हरिचंद्र पंतांना म्हणाले. "पण आमच्यासारखं घर स्टेजवर आलं की तिला रुमाल काढूनच बसावं लागतं. एकदा तिला पहिल्या रांगेत बसून पोट धरधरून हसताना बघायचंय. बाकी काही नको."

पंतांचे डोळे पुन्हा भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे मंडळाच्या सेक्रेटरी मालिनीताईंना सोबत घेऊन सुधारणा समिती नेमली. समितीची बैठक सोयीसाठी हरिचंद्रच्याच सोफ्यावर, फ्रिजच्या समोर भरली.

"नाटक झकास," पंत म्हणाले. "फक्त वास्तव कुठाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे, आता बघा, यांना फ्रिज कसा?"

"विकत घेतला, पंत. हा समोर आहे."

"तुम्ही घेतलात हो! पण प्रेक्षकांना पटायला नको?"

मालिनीताईंनी एक दारुडा काका सुचवला. आमच्यात कुणी पीत नाही, असं हरिचंद्र म्हणाले. "मग तर हवाच," ताई म्हणाल्या, "नाहीतर नाटक प्रचारकी वाटेल." शिवाय नाटकातल्या आजींची भाषा फार शुद्ध होती, ते त्यांना खटकत होतं.

"अहो, माझी आई अशीच बोलते."

"बोलत असतील, पण खरं वाटत नाही ना."

हरिचंद्र आता चिडले. "आणि त्या अमेरिकेतल्या घरात कसा नाही दारुडा काका?"

"हरिभाऊ," पंत लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले, "त्यांचं आपल्याला काय ठाऊक? तुमचं आपल्याला चांगलं ठाऊक आहे."

नाटक मागे घ्यावं तर आईने आतापासूनच साडी इस्त्री करून ठेवलेली. तेव्हा श्रीखंड वाचवायला हरिचंद्रनी फ्रिज सोडला, मग सोफा सोडला, मग आईची भाषा सोडली. शेवटी श्रीखंडाची शिळी भाकरी झाली. घराला वर काढणारे एक थोर मनाचे गुरुजी घालण्यात आले. ती भूमिका करायला दुसरं कुणी मिळेना, म्हणून पंतांनी नाइलाजाने स्वतः स्वीकारली. (इतर कुणाला विचारण्यात आलं नव्हतं.) उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एका सिंधी फर्निचरवाल्याकडे भाड्याचा सोफा सांगून ठेवला होता, तो रद्द करून पंतांनी झोपडी मागितली, तेव्हा दुकानदाराने कानाला हात लावला. "साईं, सोफा बोलो, दीवान बोलो. झोपडी का ऑर्डर अपने पास कभी आया नहीं."

प्रयोग तुफान रंगला. हमसून हमसून रडलं पब्लिक. गुरुजींच्या प्रत्येक वाक्याला टाळी पडत होती. शेवटी पंतांनी गुरुजींची दाढी न काढताच माईक हातात घेतला. "ज्यांनी हे सारं भोगलंय, त्या बनूबाई आता आपल्या हालअपेष्टांविषयी दोन शब्द सांगतील!"

पहिल्या रांगेतून बनूबाई उठल्या. त्यांनी चष्मा नीट केला.

"मी ठाण्याला हायस्कुलात इंग्रजी शिकवायची," त्या म्हणाल्या. "हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झाले. आमचे हे पोस्टमास्तर होते. माझे हाल म्हणाल तर आज झाले, या खुर्चीत, अडीच तास. हे कोण लोक आहेत ते मला काही कळलं नाही, पण बिचारे आहेत." मग त्या विंगेकडे वळल्या. "हरी, श्रीखंड कुठे गेलं रे? तू घरी वाचून दाखवलंस तेव्हा मी किती हसले होते."

विंगेत हरिचंद्रना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंतांनी प्रसंगावधान राखून "आजी भावनावश झाल्या आहेत" असं जाहीर केलं आणि टाळ्या वाजवायला सांगितल्या. त्या वाजल्या.

वाचकहो, तुम्ही पंतांना हसलात, ते उत्तमच. आता फक्त एवढंच सांगा: हरिचंद्रची आई बनूबाई, असं वर वाचलंत, तेव्हा तुम्ही त्यांना कोणतं लुगडं नेसवलं होतंत?