तळ्याचा तह

एका जंगलात, म्हणजे खरं तर दोन जंगलांच्या मध्ये, एक मोठं तळं होतं. मुलांनो, मध्ये असणं हाच त्या तळ्याचा गुन्हा. अलीकडे वाघाचं राज्य, पलीकडे रानडुकराचं. मध्ये पाणी, पाण्यात मासे आणि काठच्या बिळात हुंबाई नावाची एक पाणमांजरी. तिला नुकतीच पिल्लं झाली होती. राज्यबिज्य तिला काही कळत नसे. मासा पकडायचा आणि पिल्लांना भरवायचा, एवढाच तिचा कारभार.

एके दिवशी रानडुकराला तळ्याच्या बुडाशी कमळाचे कंद सापडले. त्याने ते पोटभर खाल्ले आणि मोठ्याने ढेकर दिला. तो ढेकर वाघाने ऐकला.

वाघ काही कंद खात नाही. पण आपण खात नाही ती वस्तू शेजाऱ्याने खावी, हे कुठल्या राजाला सहन होतं?

"तळं आमचं आहे," वाघ म्हणाला. "पाण्यात वाकून बघ. आमच्या पणजोबांचं तोंड अजून दिसतं."

तो स्वतः वाकला. खरंच, पाण्यात वाघाचं तोंड होतं. मग रानडुक्कर वाकलं. त्यालाही त्याचे पणजोबा दिसले, सुळ्यांसकट. पुरावा दोन्हीकडे भक्कम निघाल्यामुळे भांडण मिटायची आशाच उरली नाही.

आता जंगलात काही सातबारा नसतो. तिथे हद्द ओली करायची चाल आहे. झाडाशी जायचं, तंगडी वर करायची, आणि वास आहे तोवर मुलूख आपला. दोघांनी तळ्यातही तेच केलं. पण पाण्यावर खूण टिकेना. सकाळी केलेली दुपारी कुठे गेली ते कळेना. तहान लागली की दोघे तेच पाणी पीत. राजकारणात असं थोडंफार प्यावं लागतं.

शेवटी वाघाने तोड काढली. एक मोठा धोंडा पाण्यात लोटला आणि धोंड्यावर खूण केली. रानडुकराने लगेच शेजारी मातीचा ढीग लोटला. "हे बेट अनादि काळापासून आमचं आहे," असं दोघांनीही जाहीर केलं. माती अजून ठिबकत होती.

मग रोज नवी बेटं पडू लागली. हे ऐकून दूरच्या जंगलातला एक हत्ती रोज यायला लागला.

"मला तुमच्या भांडणात पडायचं नाही," तो म्हणायचा. "पाणी सर्वांना मोकळं आहे, एवढंच दाखवायला येतो."

आणि धपकन तळ्यात बसायचा. निम्मं पाणी काठावर, उरलेलं हुंबाईच्या बिळात.

तळं गढूळ झालं. मासे तोंड वर काढून धापा टाकू लागले. पिल्लं उपाशी रडायची आणि हुंबाईचा जीव तुटायचा. शेवटी ती धीर करून जांभळीखाली गेली. तिथे वाटाघाटी चालू होत्या. मध्यस्थ होता बगळा. तो एकाच पायावर उभा राहतो, म्हणजे दोन्हीकडे पाय ठेवत नाही, म्हणून त्याला नेमलं होतं.

"महाराज, माती टाकणं थांबवा हो," हुंबाई म्हणाली. "लेकरं उपाशी आहेत माझी."

"तुमची हद्द कोणती, बाई?" बगळ्याने विचारलं.

"हद्द कसली? मी इथे राहते."

"राहणं हा पुरावा होत नाही. कधी खूण केलीत?"

"ज्या पाण्यातलं खायचं, त्यात कोण असलं करतं?"

वाघ आणि रानडुक्कर एकमेकांकडे बघून हसले. इतक्या बैठकांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. बाई अडाणी आहे.

बैठक सलोख्याच्या वातावरणात पार पडली. बगळ्याने पुढची बैठक ठरवली आणि जाता जाता काठावरचे धापा टाकणारे चार मासे गिळले. वाटाघाटी घाईने उरकू नयेत, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

होता होता बेटाला बेट भिडलं. एका सकाळी वाघ आणि रानडुक्कर आपापल्या काठावरून निघाले आणि चालत चालत मधोमध येऊन भेटले. पाय कोरडे. दोघांनी मिठी मारली. तळंच नाही, तर वाद कसला? बगळ्याने शांतता झाल्याचं जाहीर केलं. हत्तीनेही सोंड उंचावून अभिनंदन केलं.

हुंबाईने धाकटं पिल्लू तोंडात धरलं. बाकीची मागे घेतली आणि ती निघाली.

"थांबा की," बगळा म्हणाला. "तहाचा समारंभ आहे. पाण्यातल्या प्रजेच्या वतीने दोन शब्द बोला."

हुंबाईने पिल्लू खाली ठेवलं. तिला भयंकर राग आला होता. पण पिल्लाची जीभ बाहेर आली होती, आणि रागावायला वेळ नव्हता.

"शब्द राहू द्या," ती म्हणाली. "घोटभर पाणी द्या."

सगळे इकडेतिकडे बघू लागले. भाषण करून वाघाच्याही घशाला कोरड पडली होती.

हुंबाई पिल्लू उचलून टेकडी चढू लागली. वर आल्यावर वारा फिरला आणि तिच्या नाकाला वास आला. डावीकडे, खाली कुठेतरी, झरा होता. गार, स्वच्छ, कुणाचाच नसलेला. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागे पावलं वाजली. वाघ, रानडुक्कर, बगळा आणि हत्ती गुपचूप तिच्या मागोमाग येत होते. वाघाने एक धोंडाही बरोबर घेतला होता.

हुंबाईने पिल्लाला घट्ट धरलं आणि ती उजवीकडे वळली.

तात्पर्य: भांडण मुळापासून मिटवावं, असं मोठी माणसं सांगतात ते अगदी खरं आहे, मुलांनो. मुळाशी कुणी राहत असेल, तर तो तिथे राहत नव्हता, एवढं त्याला आधी प्रेमाने समजावून सांगावं.